एकशे बारावा भाग

बस डेपोत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'कंट्रोलर' म्हणत, आणि तेही जरा जपूनच. कोणती गाडी कितीला सुटणार, कोण चालवणार, ऐनवेळी दांडी मारणाऱ्या ड्रायव्हरच्या जागी कुणाला बसवायचं, हे सगळं तिच्या तक्त्यावर ठरायचं. अठरा वर्षांत तिने आजारपणाची रजा घेतली होती ती दोनदा, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी कामावर हजर. त्यामुळे न्यूमोनियाने तिला आडवं केलं आणि डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसवलं, तेव्हा ड्रायव्हरांनी म्हणे एकमेकांना चहा पाजला.

खोकून खोकून आवाज तर पार गेला. डॉक्टरांनी कुजबुजायलाही बंदी केली. जिच्या एका हाकेवर फाटकाबाहेर पडलेली गाडी मागे यायची, ती बाई आता पाणी हवं असलं तरी वहीत लिहून दाखवू लागली.

घर आटोपशीर होतं. हॉलमध्ये सोफा, समोर टीव्ही आणि खिडकीपाशी आईची खुर्ची. कंट्रोलरच्या खोलीत ओल होती म्हणून तिची रवानगी सोफ्यावर झाली आणि कित्येक वर्षांनी तिने आपल्या घरातली कामाच्या दिवसाची दुपार पाहिली. ती काही पाहण्यासारखी नव्हती.

आईला दोन वर्षांपासून विसर पडत होता. आधी किल्ल्या विसरली, मग गॅस, मग माणसं. मुलीला ती कधी नर्स समजायची, कधी शेजारीण, कधी नुसतंच 'अहो, ऐकता का' म्हणायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मावशी यायच्या. मावशी नात्याच्या नव्हेत, आईला सांभाळायला ठेवलेल्या. मनाने चांगल्या, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. पण जेवणाच्या वेळी त्यांच्याही नाकी नऊ यायचे. घास पुढे केला की आई ओठ घट्ट मिटायची, दुसऱ्यांदा केला की चमचा उडवायची. मावशी रोज संध्याकाळी "थोडं खाल्लं" म्हणून सांगायच्या आणि कंट्रोलर ते मान्य करायची, कारण दमून आलेल्या माणसाला तेवढं उत्तर पुरतं. आता डोळ्यांनी पाहिल्यावर कळलं की थोडं म्हणजे चार चमचे. आईचं वजन एक्केचाळीस किलोवर आलं होतं. कंट्रोलरला स्वतःची लाज वाटली. चारशे गाड्यांचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला घरातले चार चमचे दिसले नव्हते.

वजनाचं दादालाही ठाऊक होतं. दादा तिचा थोरला भाऊ, दोन तासांवरच्या गावात चष्म्याचं दुकान चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीचा नंबर काढून मोकळं व्हायची त्याला सवय. त्याने एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. स्वच्छ, बाग असलेला, रात्रंदिवस नर्स असलेला. तिथे एक जागा रिकामी झाली होती आणि येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तो फॉर्म घेऊन येणार होता. "तू कामावर आणि आई उपाशी. असं किती दिवस चालवायचं?" असं तो फोनवर म्हणाला. तिला उत्तर देता येईना, त्यामुळे बहिणीशी घातलेला वाद त्याने आयुष्यात पहिल्यांदा जिंकला.

फोन ठेवल्यावर तिने वहीत लिहिलं, 'आई कुठेही जाणार नाही.' ते दाखवायचं कुणाला हे न कळून तिने पान उलटलं.

टीव्हीवर दिवसभर एकच मालिका चालायची, 'थोरलीचं घर'. तीस वर्षांपूर्वीची, एकशे तीस भागांची. दादानेच कधीतरी आईच्या वाढदिवसाला सीडींचा अख्खा खोका आणून दिला होता. लहानपणी तिघं एका सतरंजीवर बसून ही मालिका बघत. म्हणजे बघायची आई. दादा गळ्यात टॉवेल टाकून त्यातल्या धाकट्या दिराची नक्कल करायचा आणि कंट्रोलर गृहपाठ करता करता थोरलीवर चिडायची. थोरली ही त्या घरातली मोठी सून. सगळ्यांचं करायची, सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि दर भागात एकदा तरी खिडकीशी उभी राहून रडायची.

आता सोफ्यावर पडल्या पडल्या पुन्हा बघताना चीड तीच होती, फक्त तिचं वय वाढलं होतं. सासऱ्यांची मिशी एका भागात डावीकडे कललेली, दुसऱ्यात उजवीकडे. तीन वेगवेगळ्या घरांत तीच निळी फुलदाणी. थोरलीने पाण्याची बादली उचलली की ती रिकामी आहे हे आंधळ्यालाही कळावं. तरीपण चौथ्या दिवशी मावशींनी धूळ पुसायला म्हणून टीव्ही बंद केला तेव्हा कंट्रोलरने सोफ्यावर हात आपटला. धाकट्या जावेने किल्ल्या लपवल्या होत्या आणि त्या अजून सापडायच्या होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी मावशी भाताचा चमचा घेऊन बसल्या होत्या आणि आई खिडकीकडे तोंड फिरवून. टीव्हीवर थोरली सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी स्वतः ताटावर बसली आणि तिने पहिला घास उचलला. आईने तोंड उघडलं. मावशींनी संधी साधून चमचा आत घातला. थोरलीने दुसरा घास घेतला, आईनेही घेतला. मग थोरलीला कुणीतरी हाक मारली, ती ताटावरून उठली आणि इकडे आईचे ओठ पुन्हा मिटले.

मावशी म्हणाल्या, आज स्वारी खुशीत दिसते. कंट्रोलर मात्र कोपरांवर उठून बसली होती. एकदा घडलं तर योगायोग, दोनदा घडलं तर चौकशी, तिसऱ्यांदा घडलं की तक्त्यात घ्यायचं, हा तिचा डेपोतला नियम. संध्याकाळी तिने तोच भाग पुन्हा लावला. आई जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली तापात औषध घेते तो भाग लावला, आणि ज्या गोळीसाठी रोज अर्धा तास झटापट व्हायची ती आईने पाण्याच्या एका घोटाबरोबर गिळली. वर मावशींना सांगितलं, "थोरली घेते ना, मग आपण का नाही घ्यायची?"

त्यानंतर कंट्रोलर जी कामाला लागली ती विचारू नका. छातीत कफ, अंगात कणकण, पण शेंडी तुटो की पारंबी तुटो, पुढच्या रविवारच्या आत आईचा दिवस रुळावर आणायचाच, हे तिने ठरवून टाकलं. खोक्यात भागांच्या नावांचं एक पत्रक होतं. ते मांडीवर घेऊन ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक सीडी लावू लागली. केस धुण्याचा भाग चौतीस, अंघोळीला. औषधाचा एकोणीस. जेवणाचे अकरा भाग सापडले, थोरलीच्या सासरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. दुपारी झोपायला बासष्ट, ज्यात ती अंगाईसारखं काहीतरी गुणगुणते. तो बघताना कंट्रोलरचाच दोनदा डोळा लागला.

याचा तिने डेपोसारखा तक्ता केला. वेळ, भाग, काम, माणूस आणि शेवटचा रकाना स्पेअर. कारण स्पेअर गाडी ठेवल्याशिवाय वेळापत्रक फक्त कागदावर धावतं, हे ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगायची. दुसरं एक सांगायची ते असं, की गाडी सुटते कितीला हे फाटकावरचा वॉचमनही सांगेल. ती शेवटी कुठे जाऊन उभी राहते, ते बघा. माणूस या रकान्यात तिने सगळीकडे 'मावशी' लिहिलं. रविवारी मावशींची सुट्टी, तिथे 'मी'. स्पेअरचा रकाना रिकामाच राहिला.

मावशींनी आधी कपाळाला हात लावला. म्हातारीला टीव्हीच्या तालावर नाचवायचं म्हणजे काय, असं त्या दोन दिवस पुटपुटत होत्या. तिसऱ्या दिवशी आईने ताट पुसून खाल्लं आणि मावशी स्वतःच येऊन विचारू लागल्या की संध्याकाळच्या दुधाला एखादा भाग मिळेल का. एकदा सीडी अडकली. पडद्यावर थोरलीचा घास तोंडापाशी थांबला आणि इकडे आई आ वासून तशीच बसून राहिली. मावशी हसून हसून जमिनीवर बसल्या. शनिवारी आईला काट्यावर उभं केलं तर साडेएक्केचाळीस. कंट्रोलरने तो आकडा एवढा मोठा लिहून फ्रीजवर लावला की दाराबाहेरून वाचता यावा.

रविवारी दादा यायचा होता आणि त्याला असं काही दाखवायचं होतं की त्याची बोलतीच बंद व्हावी. नेहमीचे अकरा भाग तिला साधे वाटले. पत्रकात एकशे बारावा दिसला, नाव 'सगळे एकत्र'. लावून पाहिला तर सुरुवातच लांबलचक जेवणाची, घरातली चौदा माणसं एका रांगेत, पंधरा मिनिटं नुसतं खाणं. याहून चांगलं काय हवं? पुढे बघता बघता औषधाच्या गुंगीने तिचा डोळा लागला. तिने तक्त्यात लिहिलं, रविवार, एक वाजता, भाग एकशे बारा, जेवण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

दादा बरोबर एकला आला. हातात फळं, खिशात फॉर्म. आईने त्याला "या, बसा" म्हटलं, पाहुण्याला म्हणतात तसं, आणि तो ओशाळून खुर्चीच्या कडेवर टेकला. कंट्रोलरने सीडी लावली, ताट वाढलं आणि भावाला खुणेने सांगितलं की नुसता बघ. थोरली जेवू लागली. आई जेवू लागली. स्वतःच्या हाताने, न सांडता, शेवटच्या शितापर्यंत. दादाने चष्मा वर करून पाहिलं, मग खाली करून पाहिलं. मालिका चालूच ठेवून कंट्रोलर त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तक्ता त्याच्यापुढे ठेवला.

"आज जेवली, मान्य," दादा म्हणाला. "पण आज रविवार. तू घरी आहेस. रजा संपली, तू डेपोत आणि मावशींना ताप आला तर? हा शेवटचा रकाना रिकामा का?"

तिने लिहिलं, 'तो स्पेअर.'

"मग त्यात कुणी का नाही?"

पेन्सिल जरा थांबली. 'माणूस नाही.'

दादाने ते वाचलं. खिशातला फॉर्म काढून त्याने ओट्यावर ठेवला. मग तो सांगू लागला, बाग किती मोठी, खोल्या किती हवेशीर, आणि एका मालिकेच्या भरवशावर माणूस जगवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. कंट्रोलर भराभर उत्तरं लिहीत होती. लिहून भांडणं हा फार सावकाश प्रकार आहे. पान भरेपर्यंत समोरचा तीन मुद्दे पुढे गेलेला असतो. रागाने तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं आणि ती दुसरी आणायला हॉलमध्ये आली.

टीव्हीवर थोरली पिशवी मांडीवर घेऊन एका बस स्टॉपवर बसली होती आणि रडत होती. आईची खुर्ची रिकामी होती. खुंटीवरची पिशवी नव्हती. बाहेरचं दार सताड उघडं होतं. वरची कडी मावशी रोज न विसरता लावायच्या, आज दादा आत आल्यावर ती लावायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

कंट्रोलर टीव्हीसमोर खिळून उभी राहिली. पंधरा मिनिटांच्या जेवणानंतर थोरलीने घर सोडलं होतं. धाकटा दीर भरल्या ताटावर तिला टाकून बोलला होता. हे सगळं तिने लहानपणी पाहिलेलं होतं, आणि पार विसरली होती. दोष आईच्या विसरण्याचा नव्हता, तिच्या स्वतःच्या विसरण्याचा होता. गाडी सुटते कितीला तेवढंच तिने पाहिलं होतं.

मागोमाग आलेल्या दादाने रिकामी खुर्ची पाहिली आणि तो घाबरून जिना उतरला. तो बाजाराकडे वळणार, पोलिसांना फोन लावणार, शेजाऱ्यांना उठवणार, सगळं एकदम करणार होता. तिने त्याची बाही धरली आणि त्याला उलट्या दिशेला ओढलं. पुढच्या वळणावर बस स्टॉप होता. तिथवरच्या चारशे पावलांत ती तीनदा भिंतीला धरून थांबली, पण बाही काही सोडली नाही.

आई स्टॉपच्या बाकावर ताठ बसली होती. पिशवी मांडीवर. नेमकी तेव्हाच बस आली आणि ती उठून उभी राहिली. कंट्रोलरने रस्त्याच्या कडेने हात वर केला, पंजा उघडा, डेपोत करायची तसा. ड्रायव्हरने तिला ओळखलं, दचकला आणि इंजिन बंदच करून टाकलं. त्या फेरीला चार मिनिटं उशीर झाला. त्याचा लेट मार्क कुणाच्या नावावर घालायचा हे पुढे डेपोत बरेच दिवस ठरत नव्हतं.

"आई, चल घरी," दादा म्हणाला.

आईने त्याच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं. "तुम्ही कोण? मी त्या घरात परत जायची नाही."

तो समजावू लागला, मग हुकूम सोडू लागला, मग त्याने तिचा दंड धरला. आईने दंड झटकला आणि बसच्या पायरीकडे निघाली. खिडक्यांतून माणसं बघत होती. दादाचा चेहरा पडला. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि बहिणीच्या घशातून नुसती हवा आली.

मग तिने स्वतःच्या गळ्यातला मफलर काढला आणि दादाच्या गळ्यात टाकला. एक टोक पुढे, एक मागे.

तो मफलरकडे बघत राहिला. सतरंजी, टॉवेल, आईचं हसणं, हे त्याला आठवायला फार तर दोन क्षण लागले असतील. धीर गोळा करायला जास्त लागले. भर रस्त्यात, अख्ख्या बसच्या देखत, चाळिशीतल्या त्या चष्मेवाल्याने हात जोडले आणि धाकट्या दिराच्या किनऱ्या आवाजात म्हटलं, "वहिनी, रागावलीस ती माझ्यावर. मग घराला कशाला शिक्षा?"

आई पायरीपाशी थांबली. वळली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग पिशवी तू उचल," ती म्हणाली. थोरलीही हेच म्हणते, एकशे तेराव्या भागाच्या सुरुवातीला.

दादाने पिशवी उचलली. आत एक कंगवा होता, एक टॉवेल आणि टीव्हीचा रिमोट. तिघं घराकडे निघाली, आई मध्ये. दादाचे डोळे वाहत होते आणि चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. अर्ध्या वाटेत आई थांबली. तिने हात उंच करून त्याचा चष्मा उतरवला, मफलरच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या आणि पुन्हा त्याच्या नाकावर बसवला.

"दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसतोस," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या काचा बघ."

हे कुठल्याच भागात नव्हतं. चष्म्याचं दुकान मालिकेत नव्हतं, दादाचं होतं. ती मान फिरवून बराच वेळ खोकत राहिली. दादाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आईचा हात धरला. घरापर्यंत येता येता आई त्याला पुन्हा 'अहो' म्हणू लागली. तरी त्याने हात सोडला नाही.

घरी आल्यावर त्याने सगळ्यात आधी दाराची वरची कडी लावली. मग स्वयंपाकघरात जाऊन तक्ता आणला, पेन्सिलीला टोक केलं आणि रविवारच्या ओळीत, स्पेअरच्या रकान्यात, चष्म्याच्या नंबरासारख्या बारीक अक्षरात लिहिलं, 'दादा'. कंट्रोलरने ते वाचलं. पेन्सिल त्याच्या हातातून घेऊन तिने पुढे जोडलं, 'हजेरी ८.१०'.

"आठ दहा?" दादा म्हणाला. "रविवारी?"

तिने त्या आकड्याखाली रेघ मारली.

आई खुर्चीत बसली होती. दादाने एकशे तेरावा भाग लावला आणि तिच्या पायाशी जमिनीवर बैठक मारली, गळ्यात मफलर तसाच. तो म्हणाला की आता एकूण एक भाग शेवटपर्यंत बघायचा, कोणता कुठे जाऊन थांबतो ते लिहून ठेवायचं. लिहायला कागद हवा होता. त्याने ओट्यावरचा फॉर्म घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पहिली ओळ लिहिली, '११२, शेवटी थोरली घर सोडते, लावू नये.' दुसऱ्या ओळीचा नुसता आकडा घालून तो थांबला. पडद्यावर शेवटचं नाव सरकून जाईपर्यंत त्याने वाट पाहिली, आणि मग लिहिलं, '११३, शेवटी सगळे घरी.'